एका टायमाला एकच

आमचे मंगळवार पेठेतील शेजारी श्री. रंगराव पोवार यांनी माझ्या माहितीत एकाच दिवशी दोन नव्या वस्तू कधीही अंगावर घातलेल्या नाहीत. सदरा नवा असेल तर चपला जुन्या असतात. चपला नव्या असतील तर सदरा जुना असतो, आणि त्या चपला पायाला रुळेपर्यंत टोपी, साबण, न्हावी आणि दूधवाला यांपैकी कशातही फेरफार होत नाही. पुतण्याच्या लग्नात व्याह्यांनी त्यांना टॉवेल-टोपीचा मानाचा आहेर केला. रंगरावांनी भर मांडवात टोपी तेवढी डोक्यावर घातली. टॉवेल मात्र "पुढच्या म्हयन्यात बगू" म्हणून पिशवीत ठेवला. आपल्याकडून मानपानात काही उणे राहिले की काय, या चिंतेने व्याही बिचारे दोन जिलब्या कमी खाऊन पानावरून उठले.

मी एकदा त्यांना याचे कारण विचारले.

"गुरुजी, समजा अंगाला खाज सुटली. आता ती सदऱ्यानं सुटली का साबणानं, हे कसं वळखायचं? म्हणून एका टायमाला एकच बदलायचं. बाकी समदं हाय तसं."

"आन् लग्नात ओ?" आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. हौसाक्कांना सारी गल्ली आक्काच म्हणते. वयाने मोठा असून मीही म्हणतो.

रंगरावांनी चेहरा गंभीर केला. "तितंच चुकलं बगा. लग्नात समदं एकदम नवं हुतं. कोट नवा, टोपी नवी, पायताण नवं, बायकू नवी. त्यामुळं पुढं माजं जे काय झालं, ते नेमकं कशानं झालं, त्येचा निकाल अजून लागंना."

"पायताणानं झालं म्हणून लिवा," आतून उत्तर आले.

रंगराव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. ते तिला 'लॅब' म्हणतात आणि म्हणताना आवाज किंचित खाली आणतात; मी गाभाऱ्याविषयी बोलताना आणतो तसा. उसाच्या रसाचे नमुने घ्यायचे, त्यांतील साखर मोजायची आणि वहीत नोंद करायची, हे त्यांचे काम. एका हंगामात म्हणे साखरेचा उतारा अचानक घसरला. वरच्या मंडळींनी घाईघाईने रस निवळायचा चुना बदलला, रसाचे तापमान बदलले आणि ऊस आणणाऱ्या टोळ्याही बदलल्या. उतारा पुन्हा वर आला. सगळ्यांनी पेढे वाटले. एकटे रंगराव पेढा हातात धरून कोपऱ्यात उभे होते. "वर आला खरा, पर कशानं आला? परत पडला तर काय बदलणार?" पुढच्या हंगामात तो परत पडला, आणि तेव्हापासून त्यांची या तत्त्वावर जी श्रद्धा बसली, ती मी पुष्कळ धर्मनिष्ठांतही पाहिलेली नाही.

निवृत्तीनंतर लॅब सुटली. वही सुटली नाही. लांब, आखीव, जाड पुठ्ठ्याची ही वही त्यांच्या घरी देवघराशेजारच्या फळीवर असते. घरातील चहाही तिच्या साक्षीने होतो. चमच्यात साखर घेतली की सुरीच्या पाठीने ती सपाट करायची. कप ठरलेला, पाणी मोजलेले, आणि चमचा फिरवायचा तो मोजून वीस वेळा. फिरवणे सुरू असताना दाराची घंटा वाजली तर दार उघडत नाही. "पावणं, थांबा! चौदा झाल्यात!" असा पुकारा मात्र होतो. गॅसची टाकी आणणारा गृहस्थ आता सरावला आहे. तो खांद्यावरची टाकी खाली ठेवतो आणि बाहेरून म्हणतो, "चालू द्या काका, सहाच ऱ्हायल्यात."

माझा आणि साखरेचा संबंध नैवेद्यापुरता. मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले आणि घरी पूजा, पारायण, पठण यांत दिवस काढले. रंगरावांशी माझा स्नेह जडला तो तीर्थामुळे. सकाळी माझी पूजा आटोपण्याच्या सुमारास ते हात धुऊन दारात येत, उजव्या तळव्यावर पंचामृत घेत, प्राशन करून हात मस्तकावरून फिरवत आणि परत जात. वर्षानुवर्षे हा क्रम चालला. एके दिवशी मात्र हात मस्तकावरून फिरवल्यावर ते जागचे हलले नाहीत.

"गुरुजी, राग येणार नसंल तर येक सांगू? साखर इरघळली न्हाय."

"असे कसे?"

"दोन दाणं लागलं दाताखाली. कालबी लागलं हुतं. परवाबी. म्हटलं, देवाच्या कामात कशाला बोला."

मी म्हणालो की दूध फ्रिजमधले असते, त्यामुळे असेल. रंगरावांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "दूध गार, हे एक. तुमची साखर जाड दाण्याची, हे दुसरं. ढवळतासा कमी, हे तिसरं. तीन कारणं हाईत. एक एक सोडवूया. शनिवारी मोकळं हायसा का?"

अशा रीतीने वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मी विज्ञानाच्या पहिल्या प्रयोगाला बसलो.

आमच्या स्वयंपाकघरात त्यांनी माझ्याकडे चार सारख्या वाट्या मागितल्या. माझ्याकडे पितळी तीनच निघाल्या. पाहुण्यांसमोर उणे दिसू नये म्हणून चौथी मी चांदीची ठेवली आणि आदराने तिला मधोमध स्थान दिले.

"ही बाद," रंगराव म्हणाले.

"अहो, चांदीची आहे!"

"म्हणूनच बाद. बाकीच्या पितळी हाईत न्हवं? उद्या साखर हिच्यात लवकर इरघळली तर चांदीनं इरघळली का पाण्यानं, कोण सांगणार?"

मग तीन वाट्यांवर भागले. प्रत्येक वाटीत सारख्याच मापाचे पाणी, सारखीच सपाट चमचाभर साखर. पाणी ओतून ते वहीत नोंद करण्यासाठी वळले, आणि तेवढ्यात माझ्या हाताने वर्षानुवर्षांच्या सवयीने प्रत्येक वाटीत एकेक तुळशीचे पान टाकले. माझ्या मनाला त्याची वार्ताही नव्हती.

"गुरुजी!"

"अरेरे."

"परत."

तिन्ही वाट्या तुळशीवृंदावनात रित्या झाल्या. दुसऱ्या वेळी सर्व यथास्थित मांडले. फक्त वेळ मोजण्याचे साधन नव्हते. रंगरावांचा मोबाईल घरी चार्जिंगला लावलेला होता. मी सुचवले की माझे नित्याचे एक स्तोत्र आहे, त्याच्या एका आवर्तनाला नेमका ठरावीक वेळ लागतो. पन्नास वर्षे म्हणतो आहे, त्यात अंतर पडणे शक्य नाही. रंगरावांनी हात जोडून मान्यता दिली. पहिले आवर्तन गार पाण्यासाठी झाले. तळाशी दाणे स्पष्ट दिसत होते. दुसरे कोमट पाण्यासाठी झाले. मी डोळे उघडले तेव्हा रंगराव वाटीकडे पाहत नव्हते. माझ्याकडे पाहत होते.

"दुसरं लवकर संपलं, गुरुजी."

"अशक्य."

"शेवटच्या चार ओळी पळवलासा."

खिडकीतून आमटीच्या फोडणीचा वास येत होता, आणि शेवटच्या चार ओळींच्या वेळी माझे मन कोठे होते, हे मला आणि देवाला ठाऊक होते. ते रंगरावांनाही ठाऊक व्हावे, याचा प्रथम विषाद वाटला आणि मग आश्चर्य. इतकी वर्षे मी स्वतःला जे पाठांतर निर्दोष म्हणून सांगत होतो, त्यातील दोष साखर विरघळवणाऱ्या माणसाने कानाने टिपला होता, आणि तोही अत्यंत अदबीने. "मोबाईल घिऊन येतो," एवढेच बोलून ते उठले.

त्या दुपारी सिद्ध झाले ते असे: कोमट पाण्यात साखर लवकर विरघळते, ढवळल्याने लवकर विरघळते, आणि बारीक दाण्याची लवकर विरघळते. मी नम्रपणे म्हणालो की हे शाळेच्या पुस्तकात छापलेले आहे.

"पुस्तकात हाय. तुमच्या वाटीत कुठं हुतं?"

तेव्हापासून पूजेचे दूध अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवतो. दुसऱ्या दिवशी रंगरावांनी तीर्थ घेतले, डोळे मिटून क्षणभर जिभेवर फिरवले आणि म्हणाले, "बराबर." एवढ्या प्रसन्नतेने तो शब्द मी परीक्षकांकडूनही कधी ऐकले नव्हते.

त्याच दिवशी मी त्यांना संकल्पाचा अर्थ सांगितला. पूजेच्या आरंभी आम्ही संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार आणि नक्षत्र यांचा उच्चार करतो. आपण कोणत्या भूमीवर, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर बसलो आहोत, हेही सांगतो. आणि मगच हात कर्माला लावतो. रंगरावांनी वहीचे पान उघडून माझ्यापुढे धरले. वर लिहिले होते: तारीख, वार, वेळ, हवा, नळाचे पाणी, पितळी वाटी क्रमांक एक. खाली प्रयोग. मग त्यांनी माझ्या देव्हाऱ्याकडे पाहिले.

"म्हंजे तुमचीबी लॅबच हाय की, गुरुजी."

मला आयुष्यात दोन-तीन शाली मिळाल्या आहेत. हा सन्मान मी त्यांच्या वर ठेवतो.

गेल्या वर्षी गणपती उठले आणि हौसाक्का तापाने पडल्या. आठ दिवस दवाखान्यात होत्या. ताप उतरला, घरी आणले. पण पोटात काही ठरेना. सगळे कडू लागे, आणि घशाखाली गेलेले बाहेर येई. आमच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरबाई तरुण आहेत, पण घरी येऊन पाहतात. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि साखर-मिठाचे पाणी सांगितले: उकळून निवलेले एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, थोडे थोडे, पण सतत. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, "उद्या संध्याकाळी मी येते. तोवर पोटात काही टिकलं नाही, तर पुन्हा दाखल करावं लागेल."

आतून हौसाक्कांनी ते ऐकले. त्यांनी रंगरावांच्या सदऱ्याचे टोक धरले. "तितं परत नेऊ नकासा. आता गेले तर माघारी येत न्हाय मी."

रंगरावांनी मान हलवली. कोणत्या अर्थाने, ते कळले नाही.

हौसाक्कांच्या थोरल्या बहीण तानूबाई त्याच दिवशी सीमेकडच्या गावाहून येऊन पोहोचल्या होत्या. त्यांच्या मराठीत निम्मी कानडी असते. धाकट्या बहिणीला त्या 'तंगी' म्हणतात, आणि त्यांनी दारात उच्चारलेला शब्द परसात ऐकू जातो. तानूबाईंनी येताच मऊ भात भरवला. शेजारणीने डाळिंबाचा रस आणला. कुणी ताक दिले, कुणी आल्याचा रस मधात घालून दिला. मीही चमचाभर तीर्थ दिले. अर्ध्या तासात सगळे उलटून पडले, आणि हौसाक्का घामाघूम होऊन उशीवर कलंडल्या.

"त्या डाळिंबानं झालं," तानूबाई म्हणाल्या.

"भातानं झालं असंल," शेजारीण म्हणाली. ताकाचेही नाव निघाले. तीर्थाचे नाव आदरापोटी कुणी घेतले नाही. पण रंगरावांनी माझ्याकडे पाहिले, आणि मी जमिनीकडे.

मग ते उठले. त्यांनी वाट्या, पेले, चमचे एका ताटात गोळा करून बाहेर नेऊन ठेवले. "आता कुणी कायबी द्यायचं न्हाय. एका टायमाला एकच. साखर-मिठाचं पाणी, बास. गुरुजी, तीर्थबी न्हाय." आणि फळीवरची वही काढून ते पलंगाजवळ उभे राहिले.

तानूबाईंचा संताप अनावर झाला. "अय्यो! पावणं, ही बाईमाणूस हाय का उसाचा रस? माजी तंगी पडलीया हितं डोळं पांढरं करून, आन् ह्ये वही काडून हुबं! बॉयलरात घाला ती वही!"

रंगरावांनी वर पाहिले नाही. ते तारीख लिहीत होते.

खरे सांगतो, त्या क्षणी मीही तानूबाईंच्याच पक्षाचा होतो. विधीवर प्रेम करावे, पण विधीसाठी माणूस दृष्टीआड होऊ नये, असे मला वाटले. आणि आपला मित्र अंतःकरणाने इतका कोरडा आहे, हे आपल्याला आधी कसे दिसले नाही, याचा खेद झाला.

दुपारपासून प्रयोग सुरू झाला. पाणी अजून कोमट असतानाच त्यांनी साखर घातली, ढवळली आणि काचेचे भांडे खिडकीच्या उजेडात धरून पाहिले. मी जवळच बसलो होतो म्हणून मला समजावले, "तळाला दाणं ऱ्हायलं तर पयला घोट फिका आन् शेवटचा नुसता पाक. मग घोट बदलला का पोट बदललं, कळत न्हाय." दर अर्ध्या तासाला पाणी पुढे होई. आधी कोमट दिले. मग तेच गार करून. मग स्टीलच्या पेल्याऐवजी काचेच्या कपातून. मग चमच्याऐवजी घोटाने. मग उशी उंच करून. प्रत्येक वेळी एकच बदल, आणि बाकी सारे जसेच्या तसे. एक गोष्ट चांगली झाली: उलटी थांबली. पण हौसाक्का चमचाभरच घेत, काहीतरी पुटपुटत आणि तोंड मिटून घेत. त्या चमच्यावर देह टिकणार नव्हता, हे दिसत होते. रात्र गेली, दुसरा दिवस उजाडला, दुपार झाली. डॉक्टरबाई सहाला येणार होत्या.

दोनच्या सुमारास रंगराव माझ्या दारात आले. हातात वही होती. ती त्यांनी माझ्यापुढे केली. इतक्या वर्षांत त्यांनी आपण होऊन ती दुसऱ्याच्या हाती दिल्याचे मी पाहिले नव्हते.

"तुमी वाचा, गुरुजी. मला कायच दिसंना."

मला विज्ञान येत नाही, वाचता येते. आमच्या गुरूंनी आम्हांला शिकवले होते की ग्रंथाचा आशय कळेनासा झाला, तर त्यात काय पुन्हा पुन्हा येते ते पाहावे. मी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागलो. वेळ, तापमान, भांडे, मात्रा. आणि शेवटी 'शेरा' असा एक रकाना. लॅबमधला माणूस निरुपयोगी वाटणारी गोष्टही गाळत नाही. त्या रकान्यात लिहिले होते: 'चव कशी तरीच म्हणाली. तुमी घेतलासा का असे विचारले. तोंड मिटले.' खालच्या ओळीत: 'गार नको म्हणाली. तुमी घेतलासा का असे विचारले. तोंड मिटले.' त्याखाली पुन्हा तेच. मी बोट फिरवत शेवटपर्यंत गेलो. एकाही ओळीत ते चुकले नव्हते.

"रंगराव, आक्का दर वेळी हे काय विचारतात?"

"तेच की. मी घेतलं का म्हणून."

"आणि तुम्ही काय सांगता?"

"माजं नंतर, म्हणतो. आणिक काय सांगू?"

"तुम्ही शेवटचे काय खाल्लेत?"

ते विचारात पडले. खोटी नोंद त्यांना करता येत नाही. "काल सकाळचा च्या," ते म्हणाले.

त्या घरची रीत मी कित्येक वर्षे खिडकीतून पाहत आलो आहे. चहाचे दोन कप भरले जातात. हौसाक्का आपल्या कपावर बशी झाकून ठेवतात. रंगरावांचा रिकामा कप खाली टेकला की बशी उघडतात. कुणी त्यांना सांगितलेले नाही, आणि काळ बदलला म्हणून सांगून काही उपयोगही झालेला नाही. हे मी रंगरावांना सांगितले.

"पर गुरुजी, त्ये तर रोजचंच हाय!"

"तेच म्हणतो मी. तुम्ही पाणी मोजलेत, कप मोजला, उशी मोजली. आणि जे रोजचे होते तेवढेच बदललेत. तुम्ही खायचे-प्यायचे सोडलेत, आणि ते वहीत नाही."

रंगराव ताडकन वळले. मग वही माझ्या मांडीवर तशीच टाकून ते चालू लागले. मी मागोमाग गेलो.

त्यांनी एकाच भांड्यातून दोन कप भरले, पलंगाच्या कडेला बसले आणि एक कप हौसाक्कांपुढे धरला. तानूबाई दारात हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या. हौसाक्कांनी डोळे उघडले. "तुमी घेतलासा का?"

रंगरावांनी दुसरा कप तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. त्यांचा चेहरा असा काही आक्रसला की मी दचकलो.

"अगागा! काय गं हे! हे पाजत हुतो व्हय मी तुला?"

कालपासून जे पाणी त्यांनी मोजून, ढवळून, उजेडात धरून पारखले होते, ते त्यांनी स्वतः एकदाही चाखले नव्हते.

"मंग?" हौसाक्का म्हणाल्या. त्यांचे ओठ हलले ते हसण्यासाठी, हे कळायला मला क्षण लागला. "कालपास्नं बोंबलतीया न्हवं मी." आणि त्यांनी कप हातात घेतला. एक घोट घेतला, थांबल्या, दुसरा घेतला. अर्धा कप संपला.

मला राहवले नाही. "रंगराव, तुम्ही प्यायलात, शेजारी बसलात, वही टाकून आलात. तीन गोष्टी बदलल्या एकदम."

"बदलूद्यात," ते माझ्याकडे न पाहताच म्हणाले. "निकाल नकोय मला."

त्यानंतर दर अर्ध्या तासाला दोन कप भरले जाऊ लागले, आणि दोन्ही रिकामे होऊ लागले. चार वाजता तानूबाईंनी तांदळाची पातळ पेज केली. तीही रंगरावांनी आधी, हौसाक्कांनी मागून घेतली. ती टिकली. सहाला डॉक्टरबाई आल्या, नाडी पाहिली, पोट पाहिले आणि प्रसन्नपणे विचारले, "किती पाणी घेतलं आज?"

"हिनं सात कप. मी आठ."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"तिनं," रंगराव म्हणाले.

डॉक्टरबाईंनी ऐकून घेतले आणि कागदावर काहीतरी लिहिता लिहिता म्हणाल्या की दाखल करण्याची गरज नाही, हेच चालू ठेवा. हौसाक्कांनी देवाच्या दिशेने हात जोडले. तानूबाईंनी भिंतीकडे तोंड करून पदराने नाक पुसले आणि वळल्या त्या गर्जना करतच, "पावणं, आता तरी भाकरी वाडू का, का तीबी मोजून पायजे?" रंगराव मुकाट्याने दोन भाकऱ्या जेवले.

जेवून ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. गल्लीत दिवे लागत होते. वही मी परत केली. त्यांनी ती बाजूला ठेवली.

"तुमालाबी वाटलं आसंल, गुरुजी. ह्येला काळीज हाय का न्हाय."

"वाटले होते," मी म्हणालो.

"लॅबमधी नमुना वाया गेला तर दुसरा आणता येतुया," ते आपल्या तळव्यांकडे पाहत म्हणाले. "हौसा एकच हाय. हात असं थरथरत हुतं, काय सांगू. हातात पेन धरलं, की जरा ऱ्हायचं. म्हणून लिवत बसलो."

मी काही बोलण्याचे शब्द जुळवत होतो. ते जुळेपर्यंत रंगरावांची मान खांबाला टेकली होती आणि तोंड किंचित उघडे पडले होते. दीड दिवसानंतरची ती पहिली झोप होती.

माझ्या आरतीची वेळ झाली. मी आत जाऊन निरांजन लावले, घंटा उचलली आणि सहज दाराकडे पाहिले. तानूबाई गल्ली ओलांडून येत होत्या, अनवाणी, चवड्यांवर, दोन्ही हातांत एक जाड वाकळ घेऊन. त्यांनी ती रंगरावांच्या अंगावर पसरली, पायाशी नीट खोचली आणि माझ्याकडे वळून ओठांवर बोट ठेवले.

त्या सायंकाळी मी घंटेचा लोलक मुठीत धरून आरती केली.